दंड वाढला, मग अपघात का कमी झाले नाहीत?

तुम्ही विचारलंय की २०१९ मध्ये वाहतुकीचे दंड एकदम पाच-दहा पटींनी वाढवले, तरी रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या कमी झालेली दिसत नाही. मग हा सगळा सरकारी वसुलीचाच प्रकार आहे का? आणि तसं नसेल, तर दंड अजून वाढवायला हवा का? शेवटी हेही लिहिलंय की तुमच्या मोटारसायकलवर चार ई-चलानं थकली आहेत. दोन हेल्मेटची, एक सिग्नलचं आणि एक अशा शहरातलं, जिथे तुम्ही ती गाडी घेऊन कधी गेलाच नाहीत. ती भरावीत की लोकअदालतीची वाट पाहावी?

मी परिवहन विभागात एकोणतीस वर्षं काढली. सहायक मोटार वाहन निरीक्षक म्हणून लागलो, २०२३ मध्ये निवृत्त झालो. लायसनच्या चाचण्या घेतल्या, गाड्यांचं पासिंग केलं, वायुवेग पथकात, म्हणजे आरटीओच्या फिरत्या तपासणी पथकात, रस्त्यावर उभा राहिलो आणि अपघात झाला की पोलिसांच्या पत्रावरून ती गाडी तपासायला गेलो. यातल्या शेवटच्या कामाने माझी मतं सगळ्यात जास्त घडवली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. चलानांचं शेवटी बोलू. आधी मोठा प्रश्न.

तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: दंडाच्या आकड्याने माणसाचं गाडी चालवणं बदलतं का? माझा अनुभव म्हणतो की थोडं बदलतं, पण आपण समजतो त्यापेक्षा खूपच कमी. पकडले जाणार याची खात्री असेल तर मात्र बदलतं. पण हे सगळ्या गुन्ह्यांना सारखं लागू पडत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी वाढ नेमकी काय झाली ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात किरकोळ नियमभंगाला पहिल्या वेळी १०० रुपये दंड होता आणि तो एकतीस वर्षं शंभरच राहिला. वेगमर्यादा ओलांडली तर ४००, लायसन नसेल तर ५००, दारू पिऊन चालवलं तर २,००० पर्यंत. ऐंशीच्या दशकात शंभर रुपये ही मजुराची काही दिवसांची कमाई होती. २०१५ पर्यंत ती दोन माणसांच्या चहा-नाश्त्याची रक्कम झाली होती. मी पावती फाडायला घेतली की समोरचा न विचारता शंभराची नोट काढायचा, वादसुद्धा घालायचा नाही. तेव्हा दंडाला काही अर्थच उरला नव्हता.

२०१९ च्या सुधारणेने हे आकडे बदलले. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या कायद्यात किरकोळ नियमभंगाला ५००, लायसन नसेल तर ५,०००, कारने वेगमर्यादा ओलांडली तर १,००० ते २,०००, दारूला पहिल्या वेळी १०,००० किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हेल्मेट नसेल तर १,००० रुपये आणि तीन महिने लायसन बाद. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर १०,००० रुपये. पहिल्याच आठवड्यात गुरुग्राममध्ये एका स्कूटरवाल्याला तेवीस हजारांचा दंड झाल्याची बातमी देशभर फिरली. स्कूटरची किंमत होती पंधरा हजारांच्या आसपास. त्यानंतर राज्यं कचरली. गुजरातने लगेच रकमा कमी केल्या. आपल्याकडे विधानसभा निवडणूक तोंडावर होती. परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचार करायला सांगितलं आणि महाराष्ट्रात वाढीव रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाल्या. कायद्याच्या कलम २०० खाली अनेक गुन्ह्यांची तडजोड शुल्काची रक्कम राज्य ठरवू शकतं. आपण जागेवर जो दंड भरतो तो हाच. म्हणून केंद्राच्या कायद्यातला आकडा आणि तुमच्या चलानावरचा आकडा वेगळा दिसतो. त्यात चूक झालेली नसते.

आता मृत्यू. २०१८-१९ मध्ये देशात वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं रस्त्यावर मरत होती. २०२२ मध्ये १,६८,४९१ गेली, २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांच्या वर. एकट्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये पंधरा हजारांहून जास्त. मधल्या २०२० सालात आकडा उतरला, पण ते लॉकडाऊनमुळे. म्हणजे तुमचं निरीक्षण चूक नाही. मात्र एवढ्यावरून दंडाचा काहीच उपयोग झाला नाही असंही म्हणता येत नाही. याच काळात गाड्या वाढल्या, रुंद आणि वेगवान रस्ते वाढले. दंड वाढला नसता तर आकडा कुठे गेला असता हे कोणी सांगू शकत नाही. माझ्याकडे आहे ते रस्त्यावर उभं राहून पाहिलेलं. ते सांगतो.

एका पावसाळ्यात आम्ही हेल्मेटची मोहीम चालवत होतो. नाक्यावर आमची गाडी, दोन निरीक्षक, पोलीस. मी साध्या कपड्यांत पुढे दीडशे-दोनशे मीटरवर एका दुकानाच्या शेडखाली थांबलो होतो, फक्त बघायला. येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना समोरून येणारे लाइट मारून खूण करत होते. मग गाडी बाजूला, कोपरात किंवा आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर, पट्टा न लावता. आमच्या माणसांसमोरून सगळे शिस्तीत पुढे. आणि मी उभा होतो तिथे आले की बहुतेकांचं हेल्मेट पुन्हा आरशाला. तासाभरात मला पंचवीस-तीस जण तरी असे दिसले. त्यांना दंड माहीत होता, त्याची भीतीही होती. पण ती भीती दोनशे मीटरपुरती होती, कारण आम्ही दोनशे मीटरच होतो.

त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. एका पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात अपघाताची मोटारसायकल तपासायला गेलो होतो. पुढचा फोर्क आत वळलेला, हँडल टाकीला टेकलेलं, स्पीडोमीटर फुटलेला. ब्रेक तपासले, टायर तपासले. दोन्ही चांगले होते. गाडीत यांत्रिक दोष नव्हता, तसा अहवाल दिला. हँडलला एक हेल्मेट अडकवलेलं होतं, नवं कोरं. आतल्या अस्तरावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. साइड पॅनेलच्या आत कागदपत्रांची पिशवी होती. तिच्यात आरसी, विमा आणि बारा दिवसांपूर्वीची हेल्मेट नसल्याची दंडाची पावती. त्या मुलाने दंड भरला होता, लगेच हेल्मेटही घेतलं होतं. पण ते डोक्यावर घालायचं, हे त्या पावतीतून त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. दंड किती असता म्हणजे ते पोहोचलं असतं? दोन हजार? पाच हजार? मला नाही वाटत. पुढचे बारा दिवस रोज कुठेतरी त्याला कोणी थांबवेल असं त्याला वाटलं असतं, तर त्या संध्याकाळी ते हेल्मेट डोक्यावर असतं. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांहून जास्त दुचाकीस्वार मेले, त्यातले चौदा हजारांच्या वर मागे बसलेले होते. हा आकडा वाचला की मला तो प्लास्टिकचा कागद आठवतो.

आपलं मन मोठी रक्कम आणि लहान शक्यता यांचा गुणाकार करतं. कागदावर नाही, पण करतंच. समजा एका चौकात दिवसाला दोनशे जण सिग्नल तोडतात आणि त्यातले दोघं पकडले जातात. दंड हजार रुपये. म्हणजे सिग्नल तोडण्याची सरासरी किंमत पडते दहा रुपये. आता दंड दोन हजार करा, किंमत वीस रुपये. तोच हजाराचा दंड ठेवून दोनशेपैकी शंभर जणांना पकडा, किंमत पाचशे रुपये. शिवाय उद्या तो चौक आला की पाय आपोआप ब्रेकवर जाईल, कारण काल आपल्यालाच पकडलं होतं आणि परवा शेजाऱ्याला. इटलीच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये हेच मांडलं होतं, की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती मिळणारच या खात्रीने गुन्हे कमी होतात. नाक्यावर उभं राहून मला ते पटायला पंधरा वर्षं लागली.

खात्रीच्या जोडीला चलान वेळेवर पोहोचायला हवं. चूक केली त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत चलान आलं तर माणसाला तो प्रसंग आठवतो. दहा महिन्यांनी आलं तर त्याला फक्त पैसे गेल्याचं दुःख होतं. नियम १६७अ नुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत गेली पाहिजे. पण गाडीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल, आधीच्या मालकाचा असेल, किंवा शोरूमच्या माणसाने नोंदणीच्या वेळी स्वतःचाच टाकलेला असेल, तर ती सूचना तुमच्यापर्यंत येतच नाही. तुमची चारही चलानं तुम्हाला एकदम दिसली, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पहिल्या हेल्मेटच्या चलानाने तुम्हाला काहीच सांगितलं नाही, म्हणून दुसरं झालं. ‘ही वसुली आहे’ असं लोकांना वाटतं त्याचं मूळ मला इथे दिसतं. दंड घेतात म्हणून राग येतोच असं नाही. कधीतरी, कुठल्यातरी प्रसंगाचा, एकदम गठ्ठ्याने मागतात म्हणून जास्त येतो. तो राग मला रास्त वाटतो.

आता एक अवघड गोष्ट, जी आमच्या खात्यातलीच आहे. दंड वाढला की रस्त्यावरची लाचेची तडजोडही वाढते. एका भाजीच्या टेम्पोवाल्याचं उदाहरण देतो. पहाटे मार्केटला निघालेला, लायसनची मुदत संपलेली, नूतनीकरण राहून गेलेलं. त्याला पाच हजारांचा आकडा सांगितला गेला. त्याने खिशातून नोटा काढून बोनेटवर ठेवल्या आणि मोजायला लागला. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या. सगळे मिळून अकराशे काहीतरी. माल त्याने उधारीवर उचललेला, आणि उशीर झाला तर भाव पडणार. अशा वेळी समोरच्या माणसाने ‘पाचशे दे आणि जा’ म्हटलं, तर तो देणारच. दंड पाचशे असताना अशी तडजोड शंभर-दोनशेची असायची. आता ती पाचशे-हजाराची होते. सरकारच्या खात्यात काहीच जात नाही, त्याचं लायसन तसंच राहतं आणि तो एकच धडा घेऊन जातो, की कायद्यातून पैसे देऊन सुटता येतं. म्हणून रस्त्यावर हाताने रोख दंड घेणं कमीत कमी ठेवा, जिथे जमेल तिथे कॅमेरा आणि यंत्रावरचं चलान वापरा, असं मी नोकरीत असतानाही म्हणायचो. यंत्रातही चुका होतात, तुमचं परगावचं चलान बहुधा त्यातलंच आहे. पण ती चूक दुरुस्त करता येते. बोनेटवरच्या पाचशेची नोंदच होत नाही.

शिवाय तीच रक्कम सगळ्यांना सारखी लागत नाही. दोन हजार रुपये टेम्पोवाल्याची दोन-तीन दिवसांची कमाई आहे आणि मोठ्या गाडीतून जाणाऱ्याला ते कळतही नाहीत. फिनलंडमध्ये मोठ्या गुन्ह्यांचा दंड उत्पन्नाच्या हिशोबाने आकारतात. आपल्याकडे उत्पन्नाची नोंदच एवढी अपुरी आहे की ते लगेच जमेल असं मला वाटत नाही. पण एक शिक्षा अशी आहे, जी श्रीमंत आणि गरीब दोघांनाही लागते: लायसन निलंबित होणं. माझ्यासमोर सुनावणीला आलेल्या मोठ्या गाड्यांच्या मालकांनी दंडाबद्दल कधी हुज्जत घातली नाही. तीन महिने लायसन जमा होणार म्हटल्यावर मात्र त्यांचे फोन सुरू व्हायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की अतिवेग, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल, दारू आणि मालगाडीतली जास्त भरती किंवा माणसं यांसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करा. हे जिथे नेटाने झालं तिथे लोक बिचकले. पण त्यात कागदपत्रं, नोटीस, सुनावणी असं काम असतं आणि निरीक्षकांच्या जागा रिकाम्या असल्या की ते मागे पडतं. मला पर्याय दिला तर मी दंडाची रक्कम आहे तिथेच ठेवीन आणि ते मनुष्यबळ निलंबनाच्या कामाला लावीन.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की कडक शिक्षेचा काहीच उपयोग नाही, असं मी म्हणतोय. तसं नाही. दोन-तीन ठिकाणी कठोरपणा लागतोच.

एक, दारू. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा, आणि त्यात जागेवर तडजोड शुल्क भरून सुटका नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. मुंबईत २००७ पासून पोलिसांनी ब्रेथ अनालायझर घेऊन रात्रीच्या नाकाबंद्या सुरू केल्या आणि कोर्टानेही अनेकांना आत पाठवलं. त्यानंतर पार्टीला जाताना ड्रायव्हर ठरवायचा किंवा टॅक्सीने यायचं, हे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलं. तिथे पकडले जाण्याची शक्यताही मोठी होती आणि पकडल्यावर होणारी नाचक्कीही. दोन्ही एकत्र आल्या म्हणून सवय बदलली. तोच कायदा तालुक्याच्या ढाबा-रस्त्यावरही आहे. पण रात्री अकरानंतर तिथे यंत्र घेऊन कोणी उभं नसतं, आणि तिथली सवय जशीच्या तशी आहे.

दोन, अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी देणं. कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन नाही. हे मला अजिबात जास्त वाटत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, ते सगळ्यांना आठवत असेल. पण या कलमाची भीती श्रीमंतांच्या गाड्यांपुरती ठेवू नका. मी तपासलेल्या अपघातांमध्ये शाळेच्या, क्लासच्या वाटेवरच्या स्कूटरीच जास्त होत्या. चावी देणारी आई किंवा वडील माझ्यासमोर बसून ‘जवळच तर जायचं होतं’ म्हणायचे. त्यांना त्या क्षणी काय शिक्षा सांगायची, हे मला कधीच समजलं नाही. ही भीती चावी द्यायच्या आधी हवी. त्यासाठी शाळेच्या फाटकाशी महिन्यातून एकदा तपासणी केली तरी पुरे.

तीन, मालकाची जबाबदारी. ट्रकमध्ये मर्यादेपेक्षा जास्त माल भरला तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. कायदा चालवणाऱ्याला आणि चालवायला लावणाऱ्याला, दोघांनाही धरतो. पण रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हर. माल किती भरायचा, किती वाजता पोहोचायचं, हे तो ठरवत नाही. दंड त्याच्या पगारातून कापला गेला, तर मालकाला भरती कमी करायचं काही कारणच उरत नाही. इथे कडकपणा हवा तो परमिटवर आणि माल भरणाऱ्यावर.

आणि एक ठिकाण जिथे कडकपणा उलटू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम लागू न करता बाजूला ठेवलं. पळून जाणं मला मान्य नाही. पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचला असता तर वाचला असता, अशी माणसं मी ओळखतो. पण मी ज्या चालकांशी बोललो, त्यांना कोर्टापेक्षा जमावाची भीती जास्त होती. त्या भीतीवर आणखी वर्षं चढवून माणूस थांबेल, असं मला वाटत नाही. थांबून ११२ ला फोन करणाऱ्याला पोलीस संरक्षण देतील, असा भरवसा आधी हवा.

वेगाबद्दल मी थोडा जास्त बोलतो, कारण जास्त माणसं त्यानेच मरतात आणि त्याचाच दंड लोकांना सगळ्यात अन्यायाचा वाटतो. ‘रस्ता मोकळा होता, ऐंशीने चाललो होतो, काय बिघडलं?’ हिशोब करून बघा. ताशी ६० ने जाणारी कार सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर मूल धावत आलं, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. म्हणजे साधारण ३७ मीटरवर गाडी उभी. तीच गाडी ८० ने असेल तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच २२ मीटर संपतात. आणि ३७ मीटरवर, जिथे पहिली गाडी थांबली होती, तिथे ही अजून ताशी ६० च्या आसपास वेगाने धावत असते. वीसचा फरक वाटतो किरकोळ, पण एका गाडीत मुलाला धक्का लागत नाही आणि दुसरीत त्याला साठने धडक बसते. लायसनच्या चाचणीला आलेल्या मुलांना मी हा हिशोब जमिनीवर खडूने आखून दाखवायचो. दोन हजारांचा दंड सांगितल्यावर ती मुलं मान डोलवायची. खडूच्या दोन रेघांमधून चालत गेल्यावर गप्प व्हायची.

आता रस्त्यांकडे या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये दीडशेच्या आसपास माणसं मेली होती. पुढच्या चार-पाच वर्षांत तो आकडा निम्म्याहून खाली आला. त्यात लॉकडाऊनचा काही वाटा आहे, पण उतरण त्याआधीच सुरू झाली होती. तिथे धोक्याच्या जागा शोधून कठडे दुरुस्त केले, कडेच्या उघड्या खांबांना आणि कठीण बांधकामाला आडोसा केला, शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर थांबणाऱ्या ट्रकना हटवलं, वेगावर नजर ठेवली, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल असं पाहिलं. आणि लक्षात घ्या, त्या वर्षांत महाराष्ट्रात जुनेच दंड होते. वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये आले. तुमच्या मूळ प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

२०१९ च्या सुधारणेत कलम १९८अ सुद्धा आहे, ज्याची चर्चा होत नाही. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. माझ्या सेवेत हे कलम लावलेलं मी एकदाही पाहिलं नाही. अपघात तपासणीच्या अर्जात गाडीचा ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे यांचे रकाने होते. रस्त्याचा रकाना नव्हता. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर इजेचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा ब्लॅक स्पॉट म्हणून नोंदली जाते, म्हणजे आधी माणसं जावी किंवा जायबंदी व्हावी लागतात. एकाच वळणावरच्या चार गाड्या मी तपासल्या आणि चारही अहवालांत ‘यांत्रिक दोष नाही’ लिहिलं. ते खरंच होतं. पण त्या वळणावर उतार उलटा होता, हे लिहायला जागा नव्हती. शेवटच्या अहवालात मी ते समासात लिहिलं. पुढे काय झालं मला कळलं नाही. ते वळण वर्षभराने रुंदीकरणात गेलं.

तर थोडक्यात: जुना शंभराचा दंड निरर्थक झाला होता, म्हणून वाढ गरजेची होती. ती झाली आहे, आता रक्कम आणखी वाढवून फारसं काही मिळणार नाही. पकडले जाण्याची खात्री, चलान लगेच पोहोचणं, लायसनचं निलंबन आणि रस्त्याची दुरुस्ती यांत मिळेल. दारू आणि अल्पवयीन यांना मात्र आहे तो कठोरपणा पूर्ण लावा. तुम्ही महानगरात राहता, हायवेलगतच्या गावात राहता की घाटात, यावर यातलं काय आधी करायचं हे बदलेल.

आता तुमची चार चलानं. सगळ्यात आधी परगावचं घ्या. महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फोटो उघडा. नंबर प्लेटवरचा एखादा आकडा यंत्राने चुकीचा वाचलेला असतो, तीनचा आठ किंवा बी चा आठ. गाडी दुसऱ्याच कंपनीची किंवा रंगाची दिसत असेल तर तिथेच तक्रार नोंदवा, सोबत आरसी आणि तुमच्या गाडीचा नंबर दिसेल असा फोटो जोडा. तक्रारीचा स्क्रीनशॉट ठेवा. फोटोत नंबर बरोबर तुमचाच आणि गाडीही तुमच्यासारखीच असेल, तर कोणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट वापरतंय. मग फक्त चलान रद्द करून थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर पोलीस तुमच्या दारात येतील.

सिग्नलचं आणि हेल्मेटची चलानं तुमचीच असतील तर भरून टाका. लोकअदालतीत कधीकधी सवलत मिळते, पण प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. आणि मधल्या काळात गाडी विकायची, नावावर करायची किंवा एनओसी घ्यायची वेळ आली तर थकीत चलानांमुळे आरटीओत काम अडू शकतं. रक्कम फार मोठी असेल आणि पैशाची खरीच अडचण असेल तर लोकअदालतीची नोटीस येईपर्यंत थांबणं समजू शकतो. मग ती तारीख मात्र चुकवू नका. आणि आजच ‘वाहन’ पोर्टलवर जाऊन गाडीला तुमचा चालू मोबाइल नंबर जोडा, म्हणजे पुढचा मेसेज तुमच्याकडेच येईल.

हेल्मेटच्या दोन्ही फोटोंत हेल्मेट कुठे आहे तेही बघा. डोक्यावर आहे आणि हनुवटीखालचा पट्टा मोकळा आहे, असं दिसलं तरी ते चलान बरोबरच आहे, कारण कलम १२९ मध्ये पट्टा बांधलेलं हेल्मेट सांगितलंय. आरशाला किंवा कोपरात दिसलं, तर मला कळवा. त्याबद्दल मला तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे.